सात वर्षांचा ‘मोठा’

पत्र : ताई, मला दोन मुलगे. मोठा ७ वर्षांचा, दुसरीत आहे, धाकटा साडेतीन वर्षांचा, नर्सरीत जातो. डोंबिवलीत वन बीएचके, सासूबाई आमच्याकडेच असतात. नवरा सकाळी सातच्या लोकलला जातो तो रात्री सव्वानऊला घरी. मी घरून काम करते, संध्याकाळी कॉल असतात. दोघांची दिवसभर मारामारी चालू असते, त्यातही संध्याकाळी पाच ते सात तर विचारूच नका. मागच्या आठवड्यात मोठ्याने धाकट्याला इतक्या जोरात ढकललं की पलंगाच्या कडेवर त्याचा ओठ फुटला. मी मोठ्याला दोन धपाटे घातले, तर म्हणाला ‘याला परत दवाखान्यात ठेवून ये’. इतका समजूतदार होता हो तो! आता बोबडं बोलतो, भरव म्हणतो, दोन महिन्यांपासून रात्री गादी पण ओली करतो. नातेवाईक म्हणतात दोन मुलगे म्हटल्यावर हे चालायचंच, एक मुलगी हवी होती. मोठा दुष्ट होत चाललाय का? त्याला कसं सुधारू? – दोन मुलांची आई, डोंबिवली

अगं, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते म्हणजे आज रात्री तुला जरा झोप लागेल. तुझा मोठा दुष्ट नाहीये. तुझ्या पत्रात मला एक दमलेला मुलगा दिसतोय ज्याला आपल्याच घरात आपली जागा कुठे आहे ते कळेनासं झालंय.

तू वयं लिहिलीस म्हणून मी साधा हिशोब केला. धाकटा आत्ता साडेतीनचा आहे ना, म्हणजे तो जन्मला तेव्हा मोठाही बरोब्बर साडेतीनचाच होता. आता उठून धाकट्याकडे एकदा नीट बघ. अजून त्याला चड्डीची पुढची बाजू कळत नाही, ट्रकला ‘टक’ म्हणतो, वरणभात भरवायला लागतो, झोपताना तुझ्या ओढणीचा कोपरा लागतो. याला उद्यापासून कोणी सांगितलं की बाळा तू आता मोठा झालास, आता आईच्या कुशीत झोपायचं नाही, आवाज करायचा नाही, रडायचं नाही, तुझी खेळणी दुसऱ्याला द्यायची, तर तुला ते पटेल का? पण हे सगळं त्या दुसऱ्या साडेतीन वर्षांच्या पोराला सांगून झालंय आणि पुढची साडेतीन वर्षं त्याने ते निमूटपणे निभावून नेलंय. तू ज्याला समजूतदार म्हणतेस तो हाच काळ. आता त्याचं त्याला झेपत नाहीये. बोबडं बोलणं, ‘भरव ना’ म्हणणं, हे तो मुद्दाम तुला त्रास द्यायला करत नाही गं, घरात लाड कुणाचे होतात हे तो रोज डोळ्यांनी बघतोय आणि तसं होऊन बघतोय.

म्हणून सगळ्यात पहिली गोष्ट, ‘तू मोठा आहेस ना’ हे वाक्य तुमच्या घरातून कायमचं बंद करा. तू, नवरा, सासूबाई, शेजारच्या काकू, सगळ्यांनीच. सांगायचं असेल तर कारण सांगा, ‘हळू बोल, आजी झोपलीये’ एवढं पुरतं, त्यात मोठेपणा आणायची गरज नाही. आणि भरव म्हणाला तर भरव चार घास. लाडावेल म्हणून घाबरू नकोस, सात वर्षांच्या मुलाला वरणभात भरवला म्हणून कोणाचं काही बिघडत नाही, पोट आणि मन दोन्ही भरलं की तो स्वतःच ताट ओढून घेईल.

आता भांडणाचं. तुझ्या पत्रातून मला जे दिसतंय ते असं, आतल्या खोलीतून किंकाळी येते, तू कॉल म्यूट करून धावतेस, धाकटा रडत असतो, मोठा उभा असतो, तू विचारतेस ‘कोणी सुरू केलं?’ आणि उत्तर यायच्या आधीच निकाल लागलेला असतो कारण रडणारा लहान आहे. खरं सांगू का, कोणी सुरू केलं हे तुला कधीच कळणार नाही. त्याने मारलं, त्याच्या आधी याने ओढलं, त्याच्या आधी त्याने चिडवलं, हे पार सकाळच्या ब्रशपर्यंत मागे जातं. आणि आई न्यायाधीश झाली की मुलांचं सगळं लक्ष खटला जिंकण्याकडे लागतं, धाकटा हात लागायच्या आधी भोकाड पसरायला शिकतो आणि मोठा खोटं बोलायला.

तू निकाल देणं सोडून दे आणि दोघांना बोलतं कर. कॅनडात हिल्डी रॉस आणि ज्युली स्मिथ या दोघींनी यावर काम केलंय, २००७ साली ते प्रसिद्ध झालं, ५ ते १० वर्षांची मुलं असलेल्या घरांमधल्या काही आईवडलांना त्यांनी निकाल न देता मध्यस्थी कशी करायची ते शिकवलं आणि त्या घरांमधली मुलं एकमेकांचं म्हणणं जास्त नीट समजून घ्यायला लागली, तोडगाही स्वतः काढायला लागली. करायचं काय तर आधी नियम सांगायचा, मग भांडण नेमकं कशावरून आहे ते बोलायचं, मग दोघांनी आपापली बाजू सांगायची आणि शेवटी तोडगा मुलांनीच काढायचा. कागदावर सोपं वाटतं, घरात हे कसं दिसेल ते सांगते.

ट्रकवरून जुंपली आहे. तू जाऊन जमिनीवर बसतेस, उभं राहून नाही, खाली बसून. ट्रक आपल्या मांडीवर घेतेस आणि म्हणतेस, ‘ट्रक एकच आहे आणि दोघांना आत्ताच हवाय. तोपर्यंत माझ्याकडे राहू दे. मारायचं नाही, ओढायचं नाही. आधी तू सांग, मग तो.’ मोठा म्हणेल मी पूल बांधत होतो आणि याने येऊन पाडला, हा नेहमी पाडतो, तुम्ही याला काहीच बोलत नाही. शेवटचं वाक्य नीट ऐक, वाद घालू नकोस, फक्त म्हण ‘इतकी मेहनत घेऊन बांधलेला पूल पडला, राग येणारच.’ मग धाकट्याची पाळी. त्याला एवढं बोलता येणार नाही, तो ‘माजा टक’ करून रडेल, तर त्याच्या वतीने तू बोल, ‘याला पुलावरून ट्रक न्यायचाय.’ आणि मग गप्प बस. खरंच गप्प बस, घाई करू नकोस. ‘आता काय करायचं?’ एवढंच विचार. सातव्या वर्षी मुलांना या बाबतीत भयंकर डोकं असतं. मोठाच म्हणेल की हा खडी आणून देईल, किंवा पूल झाला की पहिली फेरी याची. तोडगा तुला चुकीचा वाटला तरी दोघांना चालत असेल तर चालू दे. आणि दर वेळी जमणार नाही हे धरून चाल, तुझा कॉल चालू असेल तेव्हा ट्रक कपाटावर ठेवून ‘सात वाजता बोलू’ म्हटलंस तरी चालेल, पण मग सात वाजता खरंच बोल.

मारामारी झाली असेल, रक्त आलं असेल, तर अर्थातच हे सगळं नंतर. आधी दोघांना बाजूला करायचं, ज्याला लागलंय त्याच्याकडे बघायचं, दुसऱ्याला एवढंच सांगायचं की मारणं चालणार नाही, तू इथे माझ्याजवळ बस. त्या क्षणी लांबलचक भाषण देऊ नकोस, रागाने फणफणलेल्या पोराच्या कानात काही शिरत नाही. आणि लगेच ‘सॉरी बोल, पप्पी घे’ पण करायला लावू नकोस. शांत झाल्यावर त्यालाच विचार, याला बरं वाटायला काय करूया? बर्फ आणून देईल, पाणी देईल, ते त्या तोंडदेखल्या सॉरीपेक्षा कितीतरी खरं असतं.

धाकट्याबद्दल तुझ्या पत्रात फक्त त्याला लागलेलं आहे, त्याने काय केलं ते कुठेच नाही. साडेतीन वर्षांचं मूल काही निरागस कोकरू नसतं गं! हो, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे त्या वयात पुरतं कळत नाही, ते साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमजायला लागतं, पण पूल पाडला की दादा ओरडतो आणि दादा ओरडला की आई धावत येते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडे खाली खेळताना लहान पोराला कच्चा लिंबू करून घेतात ना, तसा तो तुमच्या घरात सगळ्याच बाबतीत कच्चा लिंबू झालाय, त्याच्यावर राज्य कधी येतच नाही. लपाछपीत ठीक आहे ते, पण ओढायचं नाही, फाडायचं नाही, चावायचं नाही हे नियम त्यालाही लागू. त्याला ओरडायला सांगत नाहीये मी, नुसता त्याचा हात धरून ‘हे दादाचं आहे’ म्हणायचं, आणि मोठ्याच्या देखत म्हणायचं. आपल्या बाजूनेही कोणी बोलतं हे मोठ्याच्या कानावर पडलं पाहिजे.

वन बीएचकेत वेगळी खोली नाही देता येत, पण मोठ्याला एक जागा दे जी फक्त त्याची. कपाटातला सगळ्यात वरचा खण, नाहीतर झाकणाचा मोठा डबा, ज्यात त्याची चित्रकलेची वही, स्केचपेन, तो जे काय गोळा करत असेल ते राहील आणि ते त्याने कोणाला दिलं नाही तर चालेल. पाहुण्यांसमोर मागितलं तरी. सारखं ‘दे रे त्याला, शेअर कर’ म्हणून कोणी उदार होत नाही, ज्याला माहिती असतं की माझं ते माझंच राहणार आहे तोच हळूहळू दुसऱ्याला हात लावू देतो. धाकट्यालाही तसाच एक डबा दे, त्याला फार मजा वाटेल.

आता पाच ते सात. याचं उत्तर मला वाटतं तुझ्या पत्रातच आहे पण तुझ्या लक्षात आलं नाहीये. बाबा सव्वानऊला येतात, मग जेवणं, मग बाबांबरोबर मस्ती, म्हणजे मुलं झोपतात किती वाजता? तू लिहिलं नाहीस पण माझ्या अंदाजाने अकरा तरी होत असणार. मोठ्याला शाळेसाठी साडेसहा-पावणेसातला उठवत असशील तर त्याची झोप पावणेआठ तासांच्या आत. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, आणि ३-४ वर्षांच्यांना दुपारची धरून १० ते १३. झोपेच्याच कारणावरून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं शाळांना सांगितलं होतं, पण शाळा नऊची असली तरी व्हॅन आठला येते आणि रात्रीचं जागरण तर आपल्या घरातलं आहे, ते कोण कमी करणार? रोज तास-दीड तास झोप कमी पडलेलं मूल संध्याकाळी पाचला कसं असेल? त्यात शाळेचा डबा अर्धा परत आलेला, पोटात काही नाही, दप्तर टाकल्या टाकल्या आपण विचारतो होमवर्क काय आहे.

तर दार उघडल्यावर आधी खायला. पोळीचा लाडू, दडपे पोहे, केळ्याचं शिकरण, घरात जे असेल ते, पण आल्या आल्या, प्रश्न न विचारता. मग खाली पाठव. जागतिक आरोग्य संघटना ५ वर्षांवरच्या मुलांना रोज किमान तासभर दमवणारा खेळ हवा म्हणते आणि ३-४ वर्षांच्यांना तर दिवसभरात मिळून ३ तास हालचाल, आणि दोन मुलं फ्लॅटमधे कोंडली की ती हालचाल एकमेकांच्या अंगावर होणारच. तुझे कॉल असतात म्हणून सोसायटीतली कॉलेजला जाणारी एखादी मुलगी किंवा मुलगा तासभरासाठी ठेव, थोडे पैसे जातील पण ते कामी येतील. मोबाईल हातात दिल्यावर शांतता होते हे मला कळतं, पण धाकट्याच्या वयाला दिवसाला तासाच्या वर नको, आणि काढून घेताना जे रामायण होतं तेही पाच ते सातच्याच खात्यात जमा होतं. आणि झोप नऊ-सव्वानऊला, बाबा आले नाहीत तरी. कठीण आहे, माहितीये. बाबा सकाळी सातला निघतात म्हणजे सहाला उठत असणार, रात्री लवकर झोपलेला मोठा सव्वासहाला आपणहून उठेल, सकाळची ती वीस मिनिटं दोघांची. दात घासताना, दूध पिताना. रात्रीच्या दंग्यापेक्षा ती कधीही चांगली.

नवऱ्याला अजून एक सांग. रविवारी दोघांना घेऊन बागेत जायच्या ऐवजी एकेकाला घेऊन बाहेर पडायचं. या रविवारी मोठा बाबांबरोबर कटिंगला आणि येताना वडापाव, धाकटा तुझ्याबरोबर, पुढच्या रविवारी उलट. आणि ‘बाबांना येऊ दे, मग बघ’ हे तू म्हणत असशील तर सोड, दिवसभर ज्याची वाट बघायची त्याचीच भीती घालायची हे बरोबर नाही.

तुझी स्वतःची मोठ्याबरोबरची पंधरा मिनिटं रोज हवीत, यात मी तडजोड करणार नाही. धाकटा सासूबाईंजवळ आणि तुम्ही दोघं कोथिंबीर आणायला खाली, एवढं पुरे. फोन घरी ठेव. अभ्यासाचं बोलायचं नाही, भावाचं बोलायचं नाही, तो जे बोलेल ते ऐकायचं, काहीच बोलला नाही तर नुसतं चालायचं. सासूबाई ‘मोठा आहेस, दे त्याला’ म्हणत असतील तर त्यांना बोल लावू नकोस, त्यांनी तसंच ऐकलंय आणि तसंच वाढवलंय. त्यांना काम सोपव, ‘आई, हा बाळ असताना कसा होता ते सांगा ना त्याला झोपताना.’ बारशाला काय झालं, पहिलं पाऊल कुठे टाकलं, कोणत्या गाण्याला झोपायचा. आजी ते इतकं छान सांगेल, आणि त्याला कळेल की हे सगळे लाड माझेही झालेत.

धपाट्यांबद्दल. तुला वाईट वाटतंय ते तुझ्या पत्रात दिसतंयच, म्हणून मी रागवत नाही, पण स्पष्ट सांगते, मारणं बंद. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे, मग घरात तरी का? मार खाणारी मुलं जास्त आक्रमक होतात असं अभ्यासांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि तुझ्या घरातलं गणित तर सरळ आहे, मोठ्या अंगाचा माणूस चिडला की छोट्याला मारतो हेच मोठा शिकतोय आणि खालच्यावर करून बघतोय. त्याला एकट्याला जवळ घे आणि सांग, ‘त्या दिवशी मी तुला मारलं, ते चुकलं. मला खूप राग आला होता तरी मारायला नको होतं.’ पुढे ‘पण तूही’ जोडू नकोस. त्याचं दवाखान्यात ठेवून ये हे वाक्यही उकरून काढू नकोस, उलट परत म्हणाला तर विचार, ‘फार त्रास देतो का रे तो तुला?’ आणि रडला तर रडू दे. मुलगा आहेस, रडतोस काय, असं घरात कोणी म्हणत असेल तर तिथल्या तिथे थांबव. ज्याला रडायची बंदी असते त्याच्याकडे हातच उरतो.

मुलगी हवी होती म्हणणाऱ्या नातेवाइकांचा विचारच करू नकोस. मुलगे म्हणजे दंगा आणि मुलगी म्हणजे मदत, असं म्हणणारेच मुलग्यांना कधी कामाला लावत नाहीत. तू लाव. दोघांना मिळून एक काम दे, मटार सोलायचे, वाळलेले रुमाल घडी करायचे, दारातल्या चपला लावायच्या, ताटं-वाट्या मांडायच्या. मटार सोलायला बसव एकदा दोघांना, मोठा शेंग फोडेल, धाकटा दाणे वाटीत टाकेल, निम्मे खातील, चार घरंगळत सोफ्याखाली जातील, पण तितका वेळ ते एकमेकांच्या विरुद्ध नसतात. काम झालं की ‘मोठ्याने बघ किती छान केलं’ नको, ‘धाकटा बघ किती फास्ट’ तर मुळीच नको. दोघांनी मिळून केलं, झालं.

एक गोष्ट मात्र घरगुती उपायांवर सोडू नकोस, ती गादी ओली होण्याची. बराच काळ कोरडा राहिलेला मुलगा परत शू करायला लागला तर मनाचं कारण असू शकतं पण लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, क्वचित डायबेटिस पण असू शकतो, त्यामुळे या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि लघवीची तपासणी करून घे. फार तहान लागते का, वजन उतरलंय का, शी कडक होते का हे बघून ठेव, डॉक्टर विचारतील. तोपर्यंत गादीवर रबरी शीट, सकाळी चादर गुपचूप धुवायला, आणि धाकट्याच्या समोर एक अक्षर नाही. तो शाळेतही मुलांना मारतोय, स्वतःला मारून घेतोय, किंवा दोन-अडीच महिने हे सगळं करूनही धाकट्याला वारंवार दुखापत होतेय असं दिसलं तर डॉक्टरांनाच बाल मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाचं नाव विचार, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि तू? घर, कॉल, दोन पोरं, सासूबाईंचं पथ्य, आणि पत्रात स्वतःबद्दल एक ओळ नाही. रात्री झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. लाव फोन.

हे सगळं एकदम करायला जाऊ नकोस. या आठवड्यात फक्त डॉक्टर, झोपेची वेळ आणि ती पंधरा मिनिटं. ट्रक मांडीवर घेऊन बसणं वगैरे पुढच्या आठवड्यापासून. तपासणीत काय निघालं ते मला कळव, आणि मोठ्याला काय गोळा करायला आवडतं तेही लिही, मला खरंच जाणून घ्यायचंय.